हिरवळीपलीकडचं टेनिस

लंडनच्या नैऋत्येला, विम्बल्डनपासून जवळच, रोहॅम्प्टन नावाचं उपनगर आहे. ब्रिटनच्या लॉन टेनिस असोसिएशनचं राष्ट्रीय टेनिस केंद्र इथेच आहे. २००७ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचं मुख्यालयही याच उपनगरात. जगभरातल्या कुमार स्पर्धांचे नियम जिथे ठरतात, तिथेच ब्रिटिश मुलं सराव करतात. शिवाय विम्बल्डनच्या नफ्याचा मोठा वाटा दरवर्षी असोसिएशनच्या तिजोरीत पडतो. तरीही ब्रिटिश कुमार खेळाडूला मोठं व्हायचं असेल, तर बॅग भरून घराबाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसतं.

याचं पहिलं कारण हवामान. हिरवळीवरचं टेनिस म्हणजे ब्रिटन, अशी आपली समजूत असते. पण तिथला हिरवळीचा हंगाम उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांचा. बाकी वर्षभर थंडी-पावसामुळे मुलं बहुतेक वेळ छपराखालच्या हार्ड कोर्टवर खेळतात. युरोपातल्या कुमार स्पर्धा मात्र मोठ्या संख्येने क्ले कोर्टवर होतात. मातीत चेंडूचा वेग मरतो, उसळी वाढते, एकेक रॅली लांबत जाते. दोन-तीन फटक्यांत गुण संपवायची सवय लागलेल्या मुलाला तिथे धीर धरायला नव्याने शिकावं लागतं. अँडी मरेला हे लवकर उमगलं. आपल्याहून थोडाच मोठा नदाल घरी कार्लोस मोयासारख्या अव्वल खेळाडूबरोबर सराव करतो, हे त्याला खुद्द नदालकडून कळलं, आणि पंधराव्या वर्षी स्कॉटलंड सोडून तो बार्सिलोनाच्या सांचेझ-कसाल अकादमीत दाखल झाला.

कुमार सर्किटचं गणित तसं सोपं आहे. तेरावं वर्ष पूर्ण झालं की दार उघडतं आणि अठरावं ज्या वर्षी पूर्ण होतं, त्या वर्षाअखेर ते बंद होतं. जे-३०, जे-६०, जे-१००, जे-२००, जे-३०० आणि जे-५०० अशी स्पर्धांची उतरंड आहे. नावातला आकडा म्हणजे एकेरीच्या विजेत्याला मिळणारे गुण. ग्रँड स्लॅमची कुमार स्पर्धा जिंकली तर १०००. गेल्या ५२ आठवड्यांतले एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल आणि दुहेरीच्या सहा निकालांचे पंचवीस टक्के गुण, यांवर क्रमवारी ठरते. सगळ्यांत वाईट निकाल गणतीतच धरले जात नाहीत, त्यामुळे हरायला मुभा आहे. बक्षिसाची रक्कम मात्र शून्य. विमानाचं तिकीट, रॅकेटच्या तारा, प्रशिक्षकाचा खर्च, हे सगळं आईबापांच्या नाहीतर संघटनेच्या खिशातून जातं.

खालच्या पायरीवरची स्पर्धा पाहिली की टीव्हीवरचं टेनिस परकं वाटू लागतं. बॉलबॉय नसतात, लाइनमन नसतात. अनेक कोर्टांत मिळून एखादा पंच फिरत असतो. चेंडू आपणच उचलायचे, गुण आपणच मोठ्याने सांगायचे. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हा निवाडाही आपलाच. मातीवर निदान चेंडूची खूण उरते, नेटपलीकडच्या मुलाला बोलावून ती दाखवता येते. हार्ड कोर्टवर तेवढाही पुरावा नसतो. चौदा वर्षांच्या मुलाने ५-५ असताना बेसलाइनला चाटून गेलेला चेंडू ‘आउट’ दिला, की समोरच्याला तो निर्णय गिळून पुढच्या सर्व्हिससाठी उभं राहावं लागतं. जाळीबाहेर बसलेले आईबाप हात चोळत राहतात.

या शाळेतून ब्रिटिश विजेते निघतच नाहीत, असं नाही. २००४ मध्ये मरेने अमेरिकन ओपनचं कुमार विजेतेपद मिळवलं. २००८ मध्ये लॉरा रॉब्सन चौदाव्या वर्षी विम्बल्डनची कुमारी विजेती ठरली. २०११ मध्ये ऑलिव्हर गोल्डिंगने अमेरिकन ओपनचं कुमार विजेतेपद जिंकलं. २०२३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनचा डावखुरा हेन्री सर्ल विम्बल्डनचा कुमार विजेता झाला. १९६२ मध्ये, फुटबॉलपटू सर स्टॅन्ली मॅथ्यूज यांच्या मुलाने हा करंडक उचलला होता. त्यानंतर ब्रिटिश मुलाच्या हाती तो पहिल्यांदाच आला. २०२३ च्याच डिसेंबरात चौदा वर्षांच्या हॅना क्लगमनने फ्लोरिडात ऑरेंज बोल ही कुमार स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी पंधरा वर्षांच्या मिका स्टोयसाव्ल्येविचने अमेरिकन ओपनचं कुमारी विजेतेपद पटकावलं. २०२५ मध्ये क्लगमन फ्रेंच ओपनमध्ये, पॅरिसच्या मातीत, कुमारींच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली, हे तर हिरवळीच्या देशासाठी विशेषच.

पण हरलेल्यांची नावं वाचावीत. मरेने अंतिम फेरीत हरवलेल्या स्टाखोव्स्कीने २०१३ मध्ये विम्बल्डनवर फेडररला घरी पाठवलं. गोल्डिंगकडून हरलेल्या यिरी वेसेलीने पुढे जोकोविचला दोनदा हरवलं. स्वतः गोल्डिंगने २०१४ मध्येच व्यावसायिक टेनिसला रामराम ठोकला. सर्लने विम्बल्डनच्या वाटेत ज्या फोन्सेकाला बाद केलं, तो अठराव्या वर्षी ब्वेनोस आइरेसची एटीपी स्पर्धा जिंकून मोकळा झाला. उलट बाजूही आहेच. जॅक ड्रेपर २०१८ ची विम्बल्डन कुमार अंतिम फेरी हरला आणि २०२५ मध्ये इंडियन वेल्सची स्पर्धा जिंकून पुढे जगातल्या पहिल्या पाचांत गेला.

एमा राडुकानूला तर कुमारींच्या ग्रँड स्लॅममध्ये उपांत्यपूर्व फेरीपुढे जाता आलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर २५ हजार डॉलरची महिलांची स्पर्धा जिंकली, तेव्हा तिचं शिक्षण चालूच होतं. २०२१ मध्ये तिने गणित आणि अर्थशास्त्रात ए-लेव्हल पूर्ण केली आणि त्याच सप्टेंबरात पात्रता फेरीतून येऊन, एकही सेट न गमावता, अमेरिकन ओपन जिंकली. जेकब फर्नलीने तिसरी वाट धरली: अमेरिकेत टेक्सासमधल्या एका विद्यापीठाकडून खेळला, पदवीनंतर व्यावसायिक झाला आणि २०२४ मध्ये पहिल्या शंभरांत आला.

सोळाव्या वर्षी कोण जिंकतं, हे बऱ्याचदा कोणाची उंची आधी वाढली आणि कोणाची सर्व्हिस आधी बसली, यावर ठरतं. पुढे दर आठवड्याला हरून पुन्हा विमानात बसायची तयारी लागते, आणि ती करंडकात दिसत नाही. विम्बल्डन आपल्या मुलांना वाइल्ड कार्ड, म्हणजे थेट प्रवेशही देतं. २०२५ मध्ये क्लगमन आणि स्टोयसाव्ल्येविच दोघी मुख्य स्पर्धेत खेळल्या आणि पहिल्याच फेरीत हरल्या. त्या पराभवाचं मोल प्रत्येकी ६६ हजार पौंड होतं. कुमार सर्किटवर जिंकूनही एक पौंड मिळत नाही. यजमान देशाच्या मुलांना ही पायरी अशी अलगद चढता येते, आणि तिथेच रेंगाळण्याचा मोहही त्यांनाच अधिक असतो. तेव्हा पुढच्या जुलैत विम्बल्डनच्या कुमार गटाची अंतिम फेरी पाहाल, तेव्हा विजेत्याबरोबर उपविजेत्याचंही नाव लिहून ठेवा. ते पुन्हा ऐकू येण्याची शक्यता काही कमी नसते.