किनाऱ्याकाठची भटकंती – लेखांक 6 : तिथीची पाऊणपट

मागच्या आठवड्यात आपण मांडव्याहून किहीमपर्यंत आलो. आता अलिबाग मागे टाकून रेवदंड्याच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर, नागावला. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये अरुंद रस्ता आणि शनिवारी त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग.

पहिल्यांदा आम्ही इथे आलो ती पौर्णिमा होती हे नंतर कळलं. दुपारी बाराला चटया, स्टंपा, डबे घेऊन सुरूच्या बनातून बाहेर पडलो, तर समोर खेळायला वाळूच नव्हती. पाणी थेट झाडांच्या मुळाशी. परत आल्यावर वाडीतल्या आजोबांनी एवढंच विचारलं, “आज तिथी कोणती, पाहिलीत का?”

मग त्यांनी अष्टागरातलं जुनं गणित सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती आणि बाराला सुकती. चतुर्थीला तीनला भरती, नऊला सुकती. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. कारणही सरळ आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरती त्याच्या मागोमाग सरकते, आणि पाऊण तास हा त्याचा तोंडी करता येईल असा हिशेब. पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो, कधी अर्ध्या तासाचाही. मोबाइलवर नेमकी वेळ मिळते, पण महिनाभर आधी सहलीची तारीख ठरवायला मला भिंतीवरचं कॅलेंडरच सोयीचं वाटतं.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती चढणार आणि किती उतरणार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, पाणी जास्त चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, दोन्हीकडून बेताची. म्हणून नागावच्या सपाट किनाऱ्यावर लांबवर चालायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येची सकाळ धरावी. सहाच्या सुमाराला समुद्र इतका मागे गेलेला असतो की ओल्या, घट्ट वाळूवरून उत्तरेला आक्षीकडे आरामात जाता येतं. हिवाळ्यात तिथे कुरव, सुरय आणि तुतारीसारखे चिखलपक्षी उतरतात. दुर्बीण असेल तर उन्हं वर येईपर्यंत पाय निघत नाही. आक्षीच्या खाडीत मात्र उतरू नये. सुकतीला बाहेर पडणारं पाणी ओढ लावतं. आक्षी गावात मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे. त्यावरचं शक 934 असं वाचलं जातं, म्हणजे इ. स. 1012.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यालाही हेच गणित. सकाळी पायी जायचं तर द्वितीया-तृतीया बरी, सात-आठच्या सुमाराला सुकती मिळते. अष्टमीच्या दुपारी सुकती असते खरी, पण भांगाची. वाटेत पाणी राहू शकतं. किनाऱ्यावर विचारूनच पाऊल टाकावं, आणि पाणी वळायच्या आत परतावं.

बनाना राइड, पॅरासेलिंग वगैरेंबद्दल लिहिण्यासारखं थोडं. पावसाळ्यात ती बंद असतात, आणि बाकी वर्षभर त्यांचे आवाजच तुम्हाला शोधत येतात. ओल्या वाळूत गाडी घालणाऱ्यांबद्दल तर लिहूच नये. भरती त्यांचा समाचार घेते.

खारं पाणी पुरे झालं की चौलला चला, गाडीने दहा-पंधरा मिनिटं. रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी चौकोनी, दगडी पायऱ्यांची, दुपारच्या उन्हात बसायला उत्तम. देवळात पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी तीन कुंडं आहेत. पाऊस ओढ देई तेव्हा पर्जन्यकुंड उघडण्याची इथे रीत होती. तिथून दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढायला घ्या. दम लागतो, पण वरून चौल-रेवदंड्याच्या वाड्यांचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडचा समुद्र एका नजरेत येतो. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात याच पट्ट्यातल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या होत्या. पोफळीला धरायला वर्षं लागतात, त्यामुळे ती खिंडारं लवकर बुजणारी नव्हती.

हातात आणखी एक दिवस असेल तर रेवदंड्याचा पूल ओलांडून फणसाड अभयारण्य. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986पासून अभयारण्य, सुमारे 52 चौरस किलोमीटर. जंगलातल्या पाणवठ्यांना इथे ‘गाण’ म्हणतात: चिखलगाण, फणसाडगाण. सुपेगावातून पायवाटा धरता येतात. उन्हाळ्यात बाकी ओढे आटले की प्राणी-पक्षी या गाणींवर येतात, तेव्हा सकाळी लवकर जाऊन गुपचूप बसावं. शेकरू दिसायचा असेल तर मान वर ठेवावी, तो झाडाखाली फारसा उतरत नाही.

फणसाडची वाट सविस्तर पुढच्या आठवड्यात. तोवर कॅलेंडर काढून येत्या रविवारची तिथी पाहून ठेवा.