अंगठा आणि सही

निरक्षर माणसाची संमती कशी घ्यावी, हा वैद्यकीय संशोधनातील जुना प्रश्न आहे. नियमांनी त्याचे उत्तर दिले आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला सारे तोंडी समजावून सांगावे, त्या वेळी एक निःपक्षपाती साक्षीदार अथपासून इतिपर्यंत हजर असावा आणि त्याने सही करावी. म्हणजे अंगठ्यातील उणीव साक्षराच्या सहीने भरून निघते, असे येथे गृहीत धरलेले आहे.

खम्मममध्ये काय घडले ते पाहावे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील हा जिल्हा आणि गुजरातेतील बडोदे येथे १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. 'पाथ' ही अमेरिकन संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारे त्यात सहभागी होती. काही मुलींच्या मृत्यूच्या वार्तांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत दिसून आले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. लसीची उपयुक्तताही आज जगभर मान्य आहे. परंतु संमतीपत्रे तपासली तेव्हा आंध्रातील ९,५४३ पत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते, आणि २,७६३ वर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या! संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालात हे आकडे नमूद आहेत.

अंगठ्यांपेक्षा या सह्या अधिक आहेत. आईबापांना वाचता येत होते की नाही, हा प्रश्नच तेथे उद्भवला नाही. त्यांना कोणी विचारलेच नाही. सही करणारे साक्षर होते, पगारदार होते, आणि वरून आलेल्या कागदाला नाही म्हणणे त्यांनाही सोपे नव्हते. शिवाय ज्या बापाच्या मुलीचे दोन वेळचे जेवण आणि शिक्षण त्या वसतिगृहावर अवलंबून आहे, त्याला विचारले असते तरी तो काय बोलणार होता?

अर्थशास्त्राच्या पुस्तकांतला करार उभयपक्षी खुषीचा असतो, कारण न पटल्यास दोघांनाही उठून जाता येते. मी स्वतः कर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या केल्या आहेत. पण मला दुसऱ्या बँकेत जाण्याची मुभा होती. वसतिगृहातील मुलीच्या बापाला ती नसते.

२०१५ पासून नव्या औषधांच्या काही चाचण्यांत दुर्बल गटांतील व्यक्तींच्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक झाले. चित्रफितीत होकार उमटतो, त्यामागचा धाक उमटत नाही. त्यापेक्षा ज्याच्या हाती धान्य, वसतिगृह वा औषधोपचार आहे त्याला संमती मागण्याच्या कामापासून दूरच ठेवावे. आईबापांना त्यांच्या भाषेत सांगावे, विचाराला चार दिवस द्यावेत, आणि काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. यात वेळ आणि पैसा जाईल, आणि तो संशोधनाच्या खर्चातच धरला पाहिजे. पालकांच्या जागी सही मागणारा कागद उद्या एखाद्या आश्रमशाळेत आला, तर मुख्याध्यापकांनी तो कोराच परत करावा. आणि त्याबद्दल त्यांना 'कारणे दाखवा' नोटीस येणार नाही, अशी तरतूद नियमांत असावयास हवी.