बाहीबाहेरची कातडी

अंबड, घनसावंगीच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया साडीवरून पुरुषी फुल शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल बांधतात. त्यातल्या साठीच्या बाईचं मनगट जवळून पाहावं: बाहीबाहेर काळपट, डागाळलेलं, बाही वर सारली की आत नितळ. वय दोन्हीकडे तेच, फरक उन्हाचा.

हे डाग त्वचेतल्या रंगपेशींचे, म्हणजे मेलॅनोसाइटचे. एकेक रंगपेशी आपल्या फांद्यांतून आसपासच्या सुमारे 36 पेशींना मेलॅनिन पुरवते. ते पेशीकेंद्रावर छत्रीसारखं पसरतं आणि अतिनील किरणांपासून डीएनएला वाचवतं. गोऱ्या-सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच. मेलॅनिनचं प्रमाण मात्र वेगळं. म्हणून आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात, डाग आधी.

वर्षानुवर्षं ऊन सोसून रंगपेशीही थकतात. कुठे रंग साठून डाग पडतो, कुठे पेशीच घटतात आणि पांढरे ठिपके उरतात. शिवाय म्हाताऱ्या रंगपेशी शेजारच्या पेशींनाही लवकर म्हातारं करतात.

सावळ्या कातडीला उन्हाचं काही होत नाही, हा समज आता सोडायलाच हवा. पूर्ण बाही आणि रुमाल बाया स्वतःच वापरतात. भर दुपारची सावलीतली सुट्टी मात्र शेतमालकाने द्यायला हवी, तीही मजुरी न कापता.