जोन, सिसिलीची राणी

जोन (ऑक्टोबर, इ.स. ११६५ – ४ सप्टेंबर, इ.स. ११९९) ही इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री व एलेनोर यांची सर्वांत धाकटी मुलगी आणि सिसिलीचा राजा दुसरा विल्यम याची राणी होती. सिंहहृदयी रिचर्ड व जॉन हे तिचे सख्खे भाऊ. तिचा जन्म आजच्या फ्रान्समधील आँजे येथे झाला. १३ फेब्रुवारी, इ.स. ११७७ रोजी पालेर्मो येथे तिचा विवाह झाला, तेव्हा ती अवघी अकरा वर्षांची होती.

== वैधव्य व स्त्रीधन ==
इ.स. ११८९मध्ये विल्यम निपुत्रिक वारला. गादी बळकावणाऱ्या टँक्रेडने जोनला नजरकैदेत ठेवले आणि विवाहसमयी तिच्या निर्वाहासाठी तोडून दिलेला मुलूखही अडकवून ठेवला. पुढील वर्षी तिसऱ्या धर्मयुद्धासाठी निघालेला रिचर्ड मेसिनास पोहोचताच टँक्रेडने तिला मुक्त केले. मुलूख मात्र सोडला नाही. रिचर्डने मेसिना शहर जिंकल्यावरच तडजोड झाली व मुलुखाच्या बदल्यात २०,००० औंस सोने देण्यात आले.

इ.स. ११९१मध्ये रिचर्डची वाग्दत्त वधू बेरेंगारिया हिच्यासह जोन पूर्वेकडे निघाली. वादळामुळे त्यांचे जहाज सायप्रसच्या किनाऱ्याला लागले. तेथील शासक आयझॅक कोम्नेनोस त्यांना ओलीस धरील अशी भीती असतानाच रिचर्ड येऊन पोहोचला आणि त्याने ते बेटच जिंकून घेतले.

त्याच वर्षी सलाउद्दीनचा भाऊ अल-आदिल याच्याशी जोनचा विवाह लावून दोघांना जेरुसलेमचे राज्य द्यावे, असा प्रस्ताव रिचर्डने मांडला. सलाउद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनच्या वृत्तांतानुसार जोन हे ऐकून संतापली व तिने साफ नकार दिला. प्रस्ताव कितपत गंभीर होता याविषयी मतभेद असले, तरी तिला आधी विचारले गेले नव्हते, हे त्या वृत्तांतावरून स्पष्ट दिसते.

== दुसरा विवाह व मृत्यू ==
इ.स. ११९६मध्ये तिचा विवाह तुलूझचा काउंट सहावा रेमंड याच्याशी झाला. पुढील वर्षी पुत्र सातवा रेमंड जन्मला. इ.स. ११९९मध्ये बंडखोर सरदारांच्या किल्ल्याला तिने स्वतः वेढा घातला. परंतु तिच्याच सैनिकांनी दगा देऊन छावणीला आग लावली. गरोदर जोन मदतीसाठी रिचर्डकडे निघाली, मात्र तोवर तो मरण पावला होता. रुआँ येथे मृत्युशय्येवर असताना, विवाहित व गरोदर असूनही, तिने संन्यासिनीची दीक्षा मागितली व ती तिला मिळाली. प्रसूतीत तिचा अंत झाला; बाप्तिस्म्यानंतर लगेच बाळही दगावले. तिला फाँतव्रोच्या मठात पुरण्यात आले. पन्नास वर्षांनी, इ.स. १२४९मध्ये, सातव्या रेमंडचे दफनही तेथेच, आईशेजारी झाले.