वाल, अवरेकाळू आणि कमलाबाई

आमच्या घरात एका कडधान्याला दोन नावं आहेत. माहेरचे वाल, सासरचे अवरेकाळू. आई वालांना मोड आणून, सोलून डाळिंब्यांची उसळ करायची. लग्न होऊन बेळगावात आले, तेव्हा अत्ते, म्हणजे आमच्या म्हैसूरकडच्या सासूबाई, भिजवलेले अवरे चिमटीत धरून सालीतून टपकन बाहेर काढताना पाहिल्या. हितकिद अवरेकाळू! भाषा वेगळी, चिमूट तीच. ‘नीट शिजव, नाहीतर पचायचे नाहीत,’ असं आई म्हणायची. अत्ते म्हणायच्या, ‘चेन्नागि बेयबेकु.’

न शिजलेले वाल का पचत नाहीत, याचा प्रयोगशाळेत छडा लावणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मी जन्मभर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं; पण त्यांची गोष्ट मला फार उशिरा कळली, याची आजही चुटपुट लागते.

१९३३ साली मुंबईची बी.एस्सी. पदवी घेऊन कमला भागवतांनी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची भारतीय विज्ञान संस्था) अर्ज केला. वडील आणि काका तिथेच रसायनशास्त्र शिकलेले. पण संचालक होते सर सी. व्ही. रामन, आणि मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई बंगळूरला जाऊन हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाहीच; शिवाय तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये, ही वर अट! रामन यांच्यापुढे आपली मान लवते आणि लवावीच, पण हेही विसरू नये. तिथे त्यांना श्रीनिवासय्यांसारखे कडक आणि मनापासून शिकवणारे गुरू लाभले. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. पुढे केंब्रिज. १९३९ साली पीएच.डी., तीही अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत १९५० च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांसह वालातला एक पदार्थ वेगळा काढला. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एक विकर असतं. ते कात्रीसारखी प्रथिनं कापतं, तेव्हा कुठे अन्न अंगी लागतं. वालात याच कात्रीला अडवणारं एक छोटं प्रथिन असतं. त्याची सगळी करामत आकारात आहे. त्याचा एक फास कात्रीच्या खाचेत असा नेमका बसतो की पाती अडकूनच पडतात. किडीपासून दाण्याचं रक्षण व्हावं म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज. या प्रथिनाची घडी गंधकाच्या टाक्यांनी पक्की शिवलेली असते, म्हणून नुसतं भाजून भागत नाही. भिजवून, पाण्यात चांगलं शिजवलं की टाके उसवतात. नीरेवरचं त्यांचं कामही गाजलं, पण माझ्या स्वयंपाकघरात त्या आल्या त्या वालांबरोबर.

एम.एस्सी. झाल्यावर मीही संशोधनासाठी एका मार्गदर्शकांकडे गेले होते. विषय कडधान्यांचाच. त्यांनी एकच विचारलं, ‘मिस्टरांची बदली झाली तर?’ मी गप्प घरी आले. हटून बसता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मिस्टरांची बदली कधीच झाली नाही.

आता लेक बंगळूरला प्रथिनांच्या रचनेवरच काम करते. गेल्या संक्रांतीला घरी आली, तेव्हा तिने लॅपटॉपवर ट्रिप्सिनच्या खाचेत रुतून बसलेलं ते प्रथिन दाखवलं. निळ्या वेटोळ्यात लाल फास. अत्तेंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

‘इदेना नम्म अवरेकाळु?’ त्यांनी विचारलं. मग स्वयंपाकघराकडे वळून मला म्हणाल्या, कुकरची आणखी एक शिट्टी होऊ दे.