मुलामा दिलेला बोल्ट ४८ तास आवळून बघा

बोटमालकांनो, १ जून ते ३१ जुलै बंदीत विंच, कपलिंग खोललं की गंजके बोल्ट जस्ताच्या मुलाम्याला जातात. साध्या बोल्टांना ते ठीक. पण डोक्यावर १०.९ किंवा १२.९ आकडा असेल तर जरा थांबा. अ‍ॅसिडने गंज काढताना आणि विजेवर मुलामा चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं. १२.९ ला धोका सगळ्यात जास्त, ८.८ ला फारसा नाही.

गंमत म्हणजे लगेच ओढून बघितला तर असा बोल्ट पास होतो! आवळून ठेवला की जिथे ताण जास्त तिथे हायड्रोजन हळूहळू जमतो. मग काही तासांनी, कधी दिवसांनी, बोट नुसती उभी असताना डोकं तुटतं. म्हणून चाचणीत बोल्ट जाड प्लेटमध्ये पूर्ण आवळून निदान ४८ तास ठेवतात. एक जरी तुटला तरी तो लॉट वापरायचा नाही. समोर उभं राहू नका, डोकं उडतं.

प्लेटिंगवाल्याला विचारा, मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवले का? आमच्या मते जुने १२.९ मुलाम्याला देऊच नयेत, नवे घ्यावेत. शंका असेल तर त्या लॉटमधले चार-पाच बोल्ट सोसायटीत आणून द्या, आवळून ठेवतो.