रिपीटर लावला, कांड्याही फुल. तरी वाय-फाय स्लो का? प्लॅन वाढवण्याआधी घ्या ही तीन मोजमापे

परभणी : फायबरची केबल घरात येते ती दर्शनी खोलीत. राउटर तिथेच भिंतीवर टांगला जातो. अभ्यासाची खोली मात्र मागे किंवा माडीवर असते आणि तिथे नेट पोहोचत नाही. मग कुणीतरी छोटासा ट्रॅव्हल राउटर आणून तो रिपीटर म्हणून लावतो. मोबाइलवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या दिसू लागतात. तरीही ऑनलाइन क्लासचा आवाज तुटतो, परीक्षेच्या फॉर्ममध्ये फोटो अपलोड होत नाही, पीक विम्याच्या अर्जाला सातबाऱ्याची पीडीएफ जोडताना पेज अडकून पडते.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो प्लॅन वाढवण्याचा. १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा होतो, महिन्याचे बिल वाढते आणि मागच्या खोलीत स्पीड होता तेवढाच राहतो. कारण बहुतेक वेळा अडचण बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये नसते. ती मेन राउटर आणि रिपीटर यांच्यामधल्या काही फुटांत असते.

कांड्या फुल दिसतात, मग नेट कुठे अडते?

मोबाइलवरच्या कांड्या फक्त मोबाइल आणि रिपीटर यांच्यातला सिग्नल दाखवतात. रिपीटरला मेन राउटरकडून किती नेट मिळते, हे त्या सांगत नाहीत. गच्चीवरची टाकी नळाच्या अगदी वर असली, तरी टाकीतच पाणी चढत नसेल तर नळाला धार येणार नाही. इथेही तसेच आहे.

दुसरे कारण रिपीटरच्या कामाच्या पद्धतीत आहे. साध्या, एकाच बँडच्या ट्रॅव्हल राउटरमध्ये एकच रेडिओ असतो. मेन राउटरकडून डेटा घ्यायचा तो त्याच चॅनेलवर आणि मोबाइलला द्यायचा तोही त्याच चॅनेलवर. ऐकताना त्याला बोलता येत नाही आणि बोलताना ऐकता येत नाही. प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा पाठवावी लागते, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो. रिपीटरपर्यंत ४० एमबीपीएस पोहोचत असतील, तर मोबाइलला २० किंवा त्याहून थोडे कमी मिळतील. हा बिघाड नाही, या यंत्राची ती मर्यादाच आहे.

खोक्यावरचे '३००' म्हणजे काय?

ट्रॅव्हल राउटर मुळात हॉटेलच्या एका खोलीसाठी बनवलेले यंत्र आहे. अँटेना आत, वीज मोबाइलच्या चार्जरवर आणि आकार खिशात मावेल एवढा. अशा अनेक राउटरच्या खोक्यावर '३०० एमबीपीएस' लिहिलेले असते. २.४ गिगाहर्ट्झवर दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल वापरले, तर रेडिओचा कागदावरचा कमाल वेग एवढा असतो. रुंदी २० मेगाहर्ट्झ असेल तर तोच आकडा १४४ वर येतो. प्रत्यक्ष डाउनलोडला त्याच्या जवळपास निम्मेच हाती लागते आणि रिपीटर म्हणून वापरल्यास त्याचेही निम्मे.

केबलच्या पोर्टचीही मर्यादा असते. उदाहरणार्थ, टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८०२एन हा ३०० एमबीपीएसचा म्हणून विकला जातो, पण त्याचा एकमेव पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे. अशा राउटरमागे २०० चा प्लॅन घेऊन त्या खोलीत फरक पडणार नाही.

मग किती स्पीड पुरेसा? नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस लागतात. ऑनलाइन क्लास, फॉर्म, व्हिडिओ कॉल हे सगळे धरले, तरी मागच्या खोलीत सलग १५ ते २० एमबीपीएस मिळाले तर काम भागते. '१०० चा प्लॅन, पण डाउनलोड १२ नेच होते' ही तक्रारही नेहमी ऐकू येते. तिथे एक गोष्ट पाहा : प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी.

ही तीन मोजमापे घ्या

आधी रिपीटरच्या वाय-फायला वेगळे नाव द्या. दोन्हींचे नाव एकच असेल, तर मोबाइल नेमका कुणाला जोडला आहे ते कळत नाही. मोबाइल डेटा बंद करा. 'ट्राय मायस्पीड' किंवा कोणतेही स्पीड टेस्ट ॲप वापरा. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजा आणि आकडे लिहून ठेवा. एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास मोजलेत तर उत्तम.

१. मेन राउटरजवळ, चार-पाच फुटांवर, मेन वाय-फायला जोडून. शक्य असल्यास ५ गिगाहर्ट्झवर.

२. रिपीटर जिथे ठेवला आहे तिथे उभे राहून, पण मेन वाय-फायलाच जोडून.

३. त्याच जागी, आता रिपीटरच्या वाय-फायला जोडून.

आता आकड्यांचा अर्थ लावा.

• पहिलाच आकडा प्लॅनपेक्षा खूप कमी : लाइन किंवा मेन राउटर तपासा. रिपीटरचा दोष नाही.

• पहिला चांगला, दुसरा एकदम खाली : रिपीटरची जागा चुकली आहे.

• दुसरा चांगला, तिसरा त्याच्या निम्म्याच्या आसपास : रिपीटर ठीक चालतो आहे. याहून जास्त हवे असेल तर दोन बँडचा रिपीटर किंवा केबल लागेल.

• दुसरा ४० आणि तिसरा ४ : सेटिंग, चार्जर किंवा उष्णता यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

जागा : भिंत, पत्रा आणि कूलर

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जिथे नेट येत नाही, नेमक्या त्याच खोलीत रिपीटर ठेवणे. तिथे मेन राउटरचा सिग्नल मेलेला असेल, तर रिपीटर तरी काय वाटणार? त्याची जागा वाटेत हवी, म्हणजे मेन राउटरचा सिग्नल अजून दमदार आहे अशा ठिकाणी.

मराठवाड्यातल्या घरांत हा प्रश्न जास्त जाणवतो. जुन्या माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती जाडजूड असतात आणि अशा भिंतीतून जाताना सिग्नल बराच दुबळा होतो. पत्रा आणि लोखंडी कपाट तर तो परतवूनच लावतात. उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर म्हणजे धातू आणि पाणी दोन्ही. पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेते. हिवाळ्यात बरे चालणारे नेट एप्रिलमध्ये मंदावले, तर मध्ये कूलर आला आहे का, हे आधी पाहा.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारची मोफत ॲप हा आकडा दाखवतात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत चालण्याजोगा, उणे ७५ च्या पुढे रिपीटर ठेवण्यात अर्थ नाही. आकडा दहाने घसरला की सिग्नलची ताकद एक दशांश होते. म्हणजे उणे ६० आणि उणे ७० मधला फरक दिसतो तेवढा लहान नाही. दार, जिना किंवा झरोक्याच्या रेषेत, पाच-सहा फूट उंचीवर जागा शोधा. कधी कधी दोन-तीन फूट सरकवल्यानेही आकडा बदलतो.

सेटिंगमध्ये काय पाहावे?

बँड : रिपीटर दोन बँडचा असेल, तर मेन राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर जोडा आणि मोबाइलना २.४ वर द्या, किंवा उलट करा. घेणे एका रेडिओवर आणि देणे दुसऱ्यावर झाले की 'निम्म्या'चा नियम टळतो. मात्र ५ गिगाहर्ट्झ जाड भिंतीपुढे लवकर हार मानतो, म्हणून दोन्ही प्रकारे मोजून पाहा.

चॅनेल : २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. दाटीच्या गल्लीत रात्री सगळे शेजारी एकाच वेळी नेट वापरतात, तेव्हा यांपैकी कमी गर्दीचे निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. हा बदल मेन राउटरमध्ये करावा लागतो. एका रेडिओचा रिपीटर मेन राउटरच्या चॅनेलवरच चालतो, त्याला वेगळे चॅनेल देता येत नाही.

न दिसणारे नेटवर्क : भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १३ चॅनेल चालतात. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या राउटरमध्ये ११ च असतात. नातेवाइकाने तिकडून आणलेल्या राउटरला घरचे वाय-फाय दिसत नसेल, तर मेन राउटर १२ किंवा १३ वर आहे का ते पाहा. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ या चॅनेलवर अनेक उपकरणांना आधी रडार तपासावे लागते आणि काही स्वस्त राउटरना ही चॅनेल दिसतच नाहीत. तिथे ३६ ते ४८ मधले निवडा.

पासवर्डचा प्रकार : सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'टीकेआयपी' निवडलेले असेल, तर नवा राउटरही जुन्या ५४ एमबीपीएसच्या पद्धतीवर उतरतो. 'डब्ल्यूपीए२' सोबत 'एईएस' निवडा. अनेक घरांत एवढ्या एका बदलानेही काम होऊ शकते.

पत्ता : मेन राउटर आणि ट्रॅव्हल राउटर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा एकच असेल, तर नेट तुटत राहते. ट्रॅव्हल राउटरचा पत्ता बदलून घ्या.

व्हीपीएन : ट्रॅव्हल राउटरमध्येच व्हीपीएन सुरू असेल तर बंद करून मोजा. त्याच्या छोट्या प्रोसेसरला हे ओझे पेलत नाही.

वीज आणि ऊन

ट्रॅव्हल राउटर ५ व्होल्टवर चालतो. मॉडेलनुसार त्याला १ किंवा २ अँपिअर लागतात. तो आकडा राउटरच्या तळाशी छापलेला असतो. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो. मग राउटर चालू दिसतो, पण मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. जुना, बारीक वायरचा चार्जरही असाच फसवतो. चार्जर बदलून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा त्याच्या वर जातो. पत्र्याखाली किंवा उन्हाच्या खिडकीत तर आणखी. तापलेला राउटर मंदावतो किंवा अडखळतो. त्याला सावलीत, हवा लागेल असा ठेवा. टीव्हीच्या मागे किंवा सेट-टॉप बॉक्सवर ठेवू नका.

लोडशेडिंगनंतर नेट स्लो होत असेल, तर त्याचेही कारण आहे. वीज आल्यावर मेन राउटर 'ऑटो'मुळे वेगळ्याच चॅनेलवर जाऊ शकतो आणि त्याच्या आधी सुरू झालेला रिपीटर चाचपडत राहतो. मेन राउटरचे चॅनेल कायमचे ठरवून ठेवा. वीज आल्यावर आधी मेन राउटर पूर्ण सुरू होऊ द्या, मग रिपीटर लावा. दोन्ही इन्व्हर्टरवर असतील तर ही कटकटच राहत नाही.

मेन राउटर घरमालकाचा असेल तर?

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि स्पर्धा परीक्षांची तयारी यांमुळे परभणीत भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी बरेच आहेत. राउटर खाली घरमालकाकडे आणि रिपीटर वर खोलीत, अशी मांडणी तिथे असते. अशा वेळी चॅनेल किंवा 'एईएस'चा बदल घरमालकाला विचारूनच करावा लागेल. त्यांना तिन्ही मोजमापे दाखवा. 'नेट चालत नाही' यापेक्षा आकडे लवकर पटतात. जागा आणि चार्जर मात्र तुमच्या हातात आहेत. सुरुवात तिथून करा.

पक्का इलाज : केबल

एवढे करूनही भागत नसेल, तर मेन राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल टाका. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' केबल १०० मीटरपर्यंत चालते. तोच ट्रॅव्हल राउटर 'रिपीटर'ऐवजी 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका. आता घेणे तारेवर आणि देणे हवेत, त्यामुळे स्पीड निम्मा होत नाही. जाड भिंत फोडायची नसेल, तर केबल दाराच्या चौकटीवरून किंवा बाहेरून पाइपमधून नेता येते.

प्लॅन कधी वाढवावा?

पहिल्या मोजमापात प्लॅनएवढा स्पीड पूर्ण मिळतो आहे आणि घरातले सगळे एकाच वेळी वापरू लागले की मेन राउटरजवळही कमी पडतो, तरच.

पहिलाच आकडा सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा प्लॅनपेक्षा खूप कमी असेल, तर मेन राउटरला लॅपटॉप केबलने जोडून पुन्हा मोजा. स्क्रीनशॉट ठेवून कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तिथे दाद मिळाली नाही, तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. लाइनमनला बोलावताना तीन मोजमापांचा कागद हाताशी असू द्या. 'राउटर बंद करून चालू करा' या उत्तरावर बोळवण होऊ नये, यासाठी तो उपयोगी पडेल.